दुसऱ्या खेपेचं तिकीट

मला मिळालेला पहिला प्रवासनिधी ४,००० डॉलरचा होता. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठात मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवते. आमचा आंतरराष्ट्रीय विभाग दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवतो. आफ्रिकेतल्या विद्यापीठांबरोबर किंवा संशोधन केंद्रांबरोबर ज्यांना नव्यानं काम सुरू करायचं आहे, अशा प्राध्यापकांना त्यातून विमानभाडं, राहणं-जेवण आणि तिथला प्रवास एवढा खर्च मिळतो. प्रयोगासाठी पैसा नाही, कुणाचा पगार नाही. जा, भेटा, बोला आणि परतल्यावर दोघांनी मिळून मोठ्या निधीसाठी अर्ज करा, एवढीच अपेक्षा. २०१६ च्या जानेवारीत मी अर्ज केला. विषय लिहिला : नाचणीवरचा करपा, युगांडा.

निवड समितीपुढे बसले आणि पहिलाच प्रश्न आला, नाचणी म्हणजे नक्की काय? प्रश्न साधा होता, पण मला क्षणभर शब्द सुचेनात. मी दापोली तालुक्यातली. आमच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, खाली मळ्यात भात. रोजची भाकरी नाचणीची, उन्हाळ्यात आंबील, बाळंतिणीला नाचणीचं सत्त्व. जी गोष्ट जन्मात कुणाला समजावून सांगावी लागली नव्हती, ती तीन मिनिटांत सांगायची होती. मी म्हटलं, या धान्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. हलक्या जमिनीत येतं, कणगीत वर्षानुवर्षं टिकतं, त्याला सहसा कीड लागत नाही. पण कणसं बाहेर पडायच्या सुमाराला करपा आला, तर कणसाची मान काळी पडते, बोटं वाळतात आणि हातात भुसकट येतं. आणि हे धान्य मूळचं आफ्रिकेचं आहे.

हे शेवटचं वाक्य बोलताना माझ्याच आवाजात काहीतरी हललं. कोकणात वाढताना नाचणी आमचीच, असं मी धरून चालले होते. ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पट्ट्यात, इथिओपिया-युगांडाच्या बाजूला माणसाळली आणि काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली, हे मला दापोलीच्या कृषी विद्यापीठात पहिल्या वर्षाला कळलं. पुढे कर्नाटकातल्या लक्ष्मणय्यांचं काम वाचलं. मंड्याच्या संशोधन केंद्रात त्यांनी भारतीय नाचणीचा आफ्रिकेतल्या नाचणीशी संकर केला. त्यातून निघालेल्या वाणांना 'इंडाफ' म्हणतात, म्हणजे इंडो-आफ्रिकन. या वाणांनी कर्नाटकातल्या नाचणीचं उत्पन्न कुठल्या कुठे नेलं. करप्याला सहजी बळी न पडणारा, पुढे कर्नाटकात घरोघरी पोचलेला जीपीयू २८ हा वाणही त्याच इंडाफच्या वंशातला. आमच्या ताटातल्या भाकरीवर आफ्रिकेचं एवढं देणं आहे. ते फेडायला जाते आहे, असं काही मी अर्जात लिहिलं नाही. अर्जात तसं लिहायला जागा नसते.

लिहिलं ते एवढंच. करप्याची बुरशी, पिरिक्युलारिया, भातावरही येते, पण नाचणीवर जगणारे तिचे वंश वेगळे. त्यातही पूर्व आफ्रिकेतले वंश आणि भारतातले वंश सारखे नाहीत. म्हणून इकडे टिकलेला वाण तिकडे टिकेलच असं नाही, आणि तिकडे टिकलेला इकडे. दोन्हीकडे एकाच वेळी पाहणारं कुणीतरी हवं.

निधी मिळाला. पण तो मिळाल्यावर मनात जे आलं, ते आधी सांगायला हवं.

दापोलीला एम.एस्सी. करत असताना आमच्याकडे एक परदेशी प्राध्यापक आले होते. कुठल्या देशाचे, कुठल्या विद्यापीठाचे, ते महत्त्वाचं नाही. चार दिवस होते. आमच्या मार्गदर्शकांनी त्यांना सगळे प्लॉट दाखवले, मी नमुन्यांच्या पिशव्या घेऊन मागे चालत होते. तीन खरीप हंगामांच्या रोगनोंदींची वही सरांनी त्यांच्यापुढे उघडी ठेवली आणि त्यांनी पानांचे फोटो काढून घेतले. निघताना सगळ्यांशी हात मिळवला, कळवतो म्हणाले. सर दोन वर्षं पत्राची वाट पाहत होते. एवढंच कळलं की एका शोधनिबंधातल्या तक्त्यात आमच्या प्लॉटांचे आकडे आले आहेत आणि खाली कुणाचं नाव नाही. सर त्यावर काही बोलले नाहीत. वही कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. त्या कुलपाचा आवाज मला अजून आठवतो.

आमच्याच जुन्या शिक्षकांकडे याच्या उलट आठवणीही होत्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ उभं राहत असताना पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक मदतीला आले होते. राहुरीचं विद्यापीठ १९६८ चं, दापोलीचं १९७२ चं. ती माणसं राहायला आली होती, असं जुने लोक सांगत. आमच्या पिढीला वाट्याला आले ते चार दिवसांचे पाहुणे. आणि आता ४,००० डॉलर घेऊन चार दिवसांची पाहुणी म्हणून मीच कुठेतरी निघाले होते. कुणीतरी विद्यार्थिनी माझ्यामागून पिशव्या घेऊन चालणार होती.

जूनमध्ये गेले. आमच्याकडे तेव्हा वर्ग नसतात, आणि सुदैवानं युगांडाच्या तेसो प्रदेशात पहिल्या पावसाची नाचणी त्याच सुमाराला भरत असते. पीतज्वराची लस टोचून घेतली, पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवलं, एंटेबेला उतरले. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठानं कंपालाला पोचताना हवा श्रावणातल्या सकाळसारखी होती. लाल माती, केळीच्या बागा, फणसाची झाडं. कोकणातलं माणूस तिथे पाहता पाहता रुळतं.

पहिले दोन दिवस मॅकेरेरे विद्यापीठात. १९२२ ची ही संस्था, पूर्व आफ्रिकेतल्या किती नेत्यांची आणि लेखकांची पिढी इथे घडली. माझं स्वागत अतिशय आदबीनं झालं, चहा झाला, ओळखी झाल्या. मग एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी सौजन्यानं सांगितलं की त्या आठवड्यात आलेली मी तिसरी पाहुणी. प्रत्येक जण सामंजस्य कराराचा मसुदा घेऊन येतो. त्यांच्या खोलीत अशा करारांचं एक अख्खं कपाट होतं. माझ्या पिशवीतही आमच्या विद्यापीठानं दिलेला एक मसुदा होता. मी तो बाहेर काढला नाही.

तिथेच मला रुफोरमच्या कामाची नीट ओळख झाली. आफ्रिकेतल्या विद्यापीठांनी शेतीच्या उच्च शिक्षणासाठी उभारलेलं हे जाळं २००४ चं, सचिवालय मॅकेरेरेच्याच आवारात. आज त्यात १५० हून अधिक विद्यापीठं आहेत. आमच्याकडच्या अर्जांत 'आफ्रिकेत जाळं उभारणे' हे शब्द मी इतक्यांदा वाचले आहेत, आणि जाळं तर तिथे आधीच उभं होतं. त्यात आपल्याला कुठे जागा आहे, एवढंच विचारायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सेरेरेला निघाले. कंपालाहून सोरोटीकडे सुमारे ३०० किलोमीटर. लुगाझीच्या बाजूचे उसाचे मळे, मग जिंजाला ओवेन फॉल्सच्या धरणावरून नाईल ओलांडायची, पुढे इगांगा, म्बाले, कुमी. म्बाले मागे पडलं की केळी संपतात, जमीन सपाट होते, मधूनच काळे खडक उठून दिसतात. सेरेरेला निमशुष्क प्रदेशातल्या पिकांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ज्वारी, नाचणी, भुईमूग ही तिची पिकं. 'सेरेमी' मालिकेतले नाचणीचे वाण इथलेच.

या संस्थेतल्या माझ्या सहकारी फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही. हात जोडावेत की मिळवावा, या विचारात मी असताना त्या म्हणाल्या, ''योगा!'' मी चमकले. अतेसो भाषेत नमस्काराला योगा म्हणतात. भेटल्यावर योगा, आणि आभार मानताना एयालामा. हे दोन शब्द मी त्याच दिवशी पाठ केले.

शेतात गेलो. मी आयुष्यभर नाचणी पाहिली आहे, पण रोपं लावलेली. कोकणात राब भाजून दाढ करतात, मग पावसात रोपं लावतात. इथे बी फोकून पेरतात. त्यामुळे सगळ्यात मोठा छळ तणाचा. नाचणीचीच रानटी बहीण शेतात उगवते आणि कोवळेपणी ती नाचणीपेक्षा वेगळी ओळखूच येत नाही. खुरपणाऱ्या बायका वाकून वाकून दमतात आणि कणीस बाहेर पडल्यावर कळतं की राखलं ते तण होतं. मी करपा पाहायला आले होते. एका वयस्क शेतकरी बाईंना, सगळे त्यांना तोतो म्हणजे आई म्हणत होते, करप्याबद्दल विचारलं. त्यांनी काळी पडलेली मान हातात धरून दाखवली आणि सहकाऱ्यांकडून भाषांतर करवून मला सांगितलं, की हे देवाच्या पावसावर आहे, कधी येतं कधी नाही, पण गवत दरवर्षी येतं. आमच्या अर्जात तणाचा एक शब्द नव्हता. अमेरिकेत बसून तो सुचलाही नसता.

त्यांच्याच अंगणात जेवलो. अटाप म्हणजे नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा, त्यात कसावाचं पीठ मिसळलेलं आणि चिंचेचं पाणी. हातानं तोडून कालवणात बुडवायचा. पहिला घास घेतला आणि चव थेट आजीच्या चुलीपाशी घेऊन गेली. त्यांचं धान्य ठेवायचं एदुला पाहिलं. कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं, वर गवताची टोपी. आमच्या कणगीचं ते दुसरं रूपच. मी त्यांना सांगितलं की माझ्या आईकडेही असंच आहे, हेच धान्य आहे. भाषांतर झाल्यावर तोतो हसल्या, मग गंभीर झाल्या आणि त्यांनी विचारलं, ''इतक्या लांब ते कुणी नेलं?'' मला उत्तर देता आलं नाही. कुणालाच नेमकं देता येणार नाही.

निघताना त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, ''परत कधी?''

अमेरिकेत परतल्यावर पहिले तीन आठवडे पावत्यांत गेले. सेरेरेत आणि सोरोटीत मी बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर फिरले होते. त्याची पावती कोण देणार? मोबाइलवरून पैसे पाठवल्याचे संदेश दाखवले, ते चालले नाहीत. शेतकऱ्यांच्या बैठकीला सोडा आणि बिस्किटं आणली होती, तो खर्च 'आतिथ्य' या सदरात मोडतो म्हणून नामंजूर झाला. रक्कम फार नव्हती, मी ती सोसली. पण तेव्हापासून मला कळलं की प्रवासनिधीचे नियम कॉन्फरन्सला जाणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. हॉटेल, टॅक्सी, नोंदणी शुल्क. शेताच्या बांधावर बसून कुणाचं ऐकायचं असेल, तर त्या नियमांत त्याला सदर नाही.

खरी अडचण पुढे होती. अहवाल दिला, समिती खूश झाली, आणि मी दुसऱ्या खेपेसाठी विचारलं. उत्तर आलं की हा निधी नव्या संबंधांसाठी आहे. एकदा मिळाला त्याला पुन्हा नाही. आता तुम्ही मोठ्या निधीसाठी अर्ज करा. आम्ही केला, तो फेटाळला गेला, आणि परीक्षकांनी लिहिलं की दोन संस्थांमध्ये पुरेसा पूर्वानुभव दिसत नाही. पूर्वानुभव कुठून आणायचा? पहिल्या भेटीला पैसा आहे, दहाव्या वर्षीच्या मोठ्या प्रकल्पाला पैसा आहे, मधल्या वाटेला काहीच नाही. दापोलीला आलेल्या त्या प्राध्यापकांना मी इतकी वर्षं मनात दोष देत होते. त्यांनाही कदाचित दुसरं तिकीट कुणी दिलं नसेल. सरांचं नाव गाळलं, त्याला मात्र हे कारण पुरत नाही.

२०१८ च्या डिसेंबरात आईला भेटायला घरी जायचं होतं. मी तिकीट वाट वाकडी करून काढलं. अमेरिकेहून एंटेबे, मग अदिस अबाबावरून मुंबई. वरचे पैसे माझे. मधल्या काळात जिंजाला नाईलवर नवा पूल झाला होता, त्यावरून गेले. सेरेरेत त्या दिवसांत शेतं मोकळी होती. पाहण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच आम्हाला बसून बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या सहकाऱ्यांनी कपाट उघडलं आणि सात वर्षांच्या वह्या टेबलावर ठेवल्या. पहिल्या खेपेला मला त्यांनी संगणकावरची चित्रं दाखवली होती, जी सगळ्या पाहुण्यांना दाखवतात. आता वह्या होत्या. कुठल्या पट्ट्यात, कुठल्या वाणावर, कुठल्या आठवड्यात करपा आला, किती पाऊस झाला, शेतकरी काय म्हणाला, सगळं बारीक अक्षरात. मी वही उचलायच्या आधी विचारलं, ''हात लावू का?'' त्या म्हणाल्या, ''फोटो मात्र काढू नका, माय सिस्टर.'' मग त्यांनी सांगितलं, का. त्यांच्याही कपाटाला एक गोष्ट होती, आणि ती माझ्या सरांच्या गोष्टीपेक्षा फारशी वेगळी नव्हती. मी त्यांना दापोलीची गोष्ट सांगितली. त्या रात्री वीज गेली होती, कंदिलाच्या उजेडात आम्ही उशिरापर्यंत बसलो. जी भागीदारी मी जवळजवळ तीन वर्षांपूर्वीच्या अर्जात लिहिली होती, ती त्या रात्री सुरू झाली.

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं? जनुकक्रम काढून द्या, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. तो त्या नैरोबीला, आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या आवारातल्या प्रयोगशाळेत करवून घेऊ शकत होत्या. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, बुरशीचे जमवलेले नमुने देशाबाहेर न जाता सेरेरेतच सुरक्षित राहावेत. ही बुरशी गाळणकागदावर वाढवून, वाळवून, उणे २० अंशांवर ठेवली की वर्षानुवर्षं जिवंत राहते. त्यासाठी साधा फ्रीझर आणि न जाणारी वीज लागते, इतकंच. दुसरी गोष्ट ऐकून मी सुन्न झाले. त्या म्हणाल्या, ''मला तुमच्या अमेरिकेपेक्षा तुमचं कोकण पाहायचं आहे.'' दापोलीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, सेरेरेत त्याच्या निम्म्याहून कमी. इतक्या ओल्यात नाचणी करप्यातून वाचते कशी, कुठला वाण वाचतो, रोपं लावल्यानं तणाचा प्रश्न किती सुटतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. तोतोंच्या तणाचं उत्तर माझ्या आईच्या शेतात असू शकत होतं, आणि मी ते अमेरिकेच्या प्रयोगशाळेत शोधत होते.

त्यांना आणायचं तर पैसा नव्हता. आमचा निधी आमच्या प्राध्यापकांनी जाण्यासाठी, तिकडच्यांनी येण्यासाठी नाही. पुढच्या वर्षी आमच्या विभागाच्या व्याख्यानाचं निमित्त करून त्यांना अमेरिकेला बोलवायचं ठरवलं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख वेळेत मिळाली नाही आणि व्याख्यान होऊन गेलं. व्हिसाचं शुल्क त्यांनी खिशातून भरलं होतं. बाहेरच्या व्यक्तीचं व्हिसा शुल्क आमच्या नियमांत बसत नाही, म्हणून ते परत देता आलं नाही. ती रक्कम त्यांच्यासाठी लहान नव्हती. मी देऊ केली तेव्हा त्यांनी घेतली नाही. हा प्रसंग मला आजही बोचतो.

मग कोविड आला. सगळा प्रवास थांबला, पण व्हॉट्सॲप चालू राहिलं. २०२० च्या सप्टेंबरात एका सकाळी त्यांनी फोटो पाठवला. मॅकेरेरेची मुख्य इमारत, त्यांच्या विद्यार्थिदशेची इमारत, रात्रीत आगीनं आतून जळून गेली होती. फोटोखाली एक शब्दही नव्हता. मी लगेच फोन केला. आम्ही नाचणीबद्दल त्या दिवशी काही बोललो नाही.

२०२१ पासून तीन वर्षं मी त्याच निवड समितीवर होते, जिनं मला नाचणी म्हणजे काय असं विचारलं होतं. पन्नासच्या वर अर्ज वाचले असतील. वाचता वाचता मला एक खूण सापडली. ज्या अर्जात तिकडच्या संस्थेचं नाव मोठं आणि माणसाचं नाव नाही, तो अर्ज सहसा कुठे पोचत नाही. शिफारसपत्रांवरूनही कळतं. तीन देशांतल्या तीन विद्यापीठांची पत्रं आणि तिन्हींत एकच परिच्छेद, म्हणजे तो इकडूनच लिहून गेलेला. याउलट एका तरुण प्राध्यापकांचा अर्ज आठवतो. घानातल्या सहकाऱ्यानं त्यांना लिहिलेला मूळ ईमेल त्यांनी जोडला होता. त्यात त्यानं त्यांची दोन गृहीतकं चुकीची आहेत असं स्पष्ट सांगितलं होतं. मी त्या अर्जाला सगळ्यात जास्त गुण दिले. ज्याला चूक सांगता येते, त्याच्याशी काम करता येतं.

समितीत मी सारखी एकच गोष्ट लावून धरली. कार्नेगी आफ्रिकन डायस्पोरा फेलोशिपचा दाखला द्यायची मी. २०१३ मध्ये सुरू झालेली ही योजना अमेरिका-कॅनडात शिकवणाऱ्या, आफ्रिकेत जन्मलेल्या प्राध्यापकांना १४ ते ९० दिवसांसाठी आफ्रिकेतल्या विद्यापीठांत पाठवते, आणि तिथे प्रकल्पाची मागणी यजमान संस्थेनं मांडायची असते. आपल्याकडे सगळं इकडून सुरू होतं, म्हणून सगळं इकडेच संपतं, असं मी म्हणत राहिले. पहिल्या वर्षी कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी एका अनुभवी सहकाऱ्यांनी साथ दिली. तिसऱ्या वर्षी नियम बदलले. आता अर्जावर दोन नावं लागतात, आणि तिकडचं नाव मागाहून जोडलेलं चालत नाही. रकमेचा निम्मा भाग तिकडच्या सहकाऱ्याच्या प्रवासासाठी, त्यात व्हिसा शुल्कही, मग व्हिसा मिळो न मिळो. दीड वर्षाच्या आत दुसरी खेप करता येते. पावती नसेल तिथे सहीचा कागद चालतो. हे बदल छोटे दिसतात. त्यासाठी झालेल्या बैठका मोजल्या तर सेरेरेच्या दोन फेऱ्या झाल्या असत्या.

एकूण रक्कम मात्र वाढली नाही, त्यामुळे आता आधीपेक्षा कमी जणांना निधी मिळतो. काही सहकारी अजून माझ्यावर नाराज आहेत, नव्या तरुण प्राध्यापकांची दारं बंद केली म्हणतात. त्यांचं म्हणणं मी खोटं ठरवणार नाही. तरीही दहा जणांनी एकेकदा जाण्यापेक्षा पाच जणांनी दोनदा जावं, आणि पाच जणांनी इकडे यावं, हेच माझं मत आहे.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. तेव्हा नाचणीला एकाएकी दिवस आले. जे कधी उत्तर देत नसत त्यांचे फोन येऊ लागले. पाठोपाठ २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या परदेशी मदतीवरच कुऱ्हाड पडली. 'फीड द फ्यूचर'खाली अमेरिकन विद्यापीठांत चालणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांचं काम थांबलं. जुलैपर्यंत यूएसएड ही संस्थाच कारभारातून गेली. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांचे पूर्व आफ्रिकेतले प्रकल्प एका पत्रानं बंद झाले, तिथल्या तंत्रज्ञांचे पगार थांबले. त्या महिन्यांत मी पाहिलं, की लाखो डॉलरचे प्रकल्प गेल्यावर काही ठिकाणी दोन्हीकडची माणसं एकमेकांना फोन करीत राहिली आणि काही ठिकाणी दुसऱ्या दिवसापासून शांतता झाली. फरक प्रकल्पाच्या आकारात नव्हता. कोण किती वेळा कुणाच्या अंगणात बसलं होतं, त्यात होता. आमच्याकडे बंद व्हायला काही मोठं नव्हतंच. सेरेरेतला फ्रीझर सौर पॅनेलवर चालू आहे. त्यात बुरशीचे नमुने आहेत आणि त्यांची यादी माझ्या तिथल्या सहकाऱ्यांच्या नावावर आहे.

बियाण्याची देवाणघेवाण हा वेगळा विषय आहे, त्याचे कायदे मोठे आहेत आणि ते असायला हवेत. नाचणी ही वनस्पती जनुकीय संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत आहे, त्यामुळे ठरलेल्या नमुना कराराखाली ती रीतसर पाठवता येते. आम्ही त्याच वाटेनं जातो. वेळ लागतो. लागू दे. कुणाच्या खिशातून चार कणसं समुद्रापलीकडे गेली, असं आमच्या बाबतीत कुणी म्हणू नये.

मराठी वाचणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आज अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांत आहेत, काही भारतातल्याच संस्थांत निधीच्या समित्यांवर आहेत. त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या हाताखालून असा एखादा प्रवासनिधी जात असेल, तर त्याचा अर्ज एकदा काढून पाहा. त्यात तिकडच्या माणसाच्या तिकिटाला रकाना आहे का? दुसऱ्या खेपेला आहे का? नसेल तर तो घालून घ्या. तीन वर्षं लागली तरी घालून घ्या.

नव्या नियमांखाली आमचा अर्ज मंजूर झाला आहे, पहिलं नाव सेरेरेतल्या माझ्या सहकाऱ्यांचं आणि दुसरं माझं. येत्या ऑक्टोबरात, वरकसातली नाचणी कापणीला येते तेव्हा, त्या आणि त्यांची एक विद्यार्थिनी एंटेबेहून मुंबईला आणि तिथून दापोलीला येत आहेत. सोबत पिवळी कार्डं ठेवायला सांगितलं आहे. माझे सर आता निवृत्त आहेत, दापोलीतच असतात. मी फोन करून तारीख कळवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की जुनी वही आणू का.